उंदराच्या गर्भाचा जनुकीय नकाशा आणि तुमच्या हातातला रिपोर्ट

काही महिन्यांपूर्वी एक जोडपे फाईल घेऊन माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पहिल्या गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात मोठे छिद्र दिसले होते आणि एका हाताला अंगठा नव्हता. ते गरोदरपण पुढे गेले नाही. नंतर केलेल्या जनुकीय तपासणीत एका जनुकात बदल सापडला, पण रिपोर्टवर त्यापुढे शेरा होता: 'अर्थ अनिश्चित'. त्याच फाईलमध्ये, रिपोर्टच्या मागे, व्हॉट्सॲपवर आलेल्या एका बातमीची प्रिंट लावलेली होती. उंदराच्या गर्भातल्या एक कोटीहून अधिक पेशींचा नकाशा तयार झाला, आता जन्मजात दोषांची कारणे उलगडणार, असा तिचा सूर.

नवऱ्याने विचारले, "डॉक्टर, उंदरावरून आता सगळं कळलंय म्हणतात. मग आमच्या रिपोर्टचा अर्थ आता तरी सांगता येईल ना?"

हा प्रश्न मला आता वरचेवर ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या नकाशामुळे तुमचा रिपोर्ट आपोआप बदलत नाही. तुमच्या बाळाची कोणतीही नवी तपासणी त्यातून सुरू झालेली नाही. पण रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला आणि लॅबला विचार करायला एक जास्तीचा आधार मिळतो, आणि काही कुटुंबांसाठी तो आधार महत्त्वाचा ठरतो.

बातमी नेमकी काय आहे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांचे काम प्रसिद्ध झाले. उंदराचे गरोदरपण साधारण १९ ते २० दिवसांचे असते. या गटाने आठव्या दिवसापासून जन्मापर्यंत, दर दोन ते सहा तासांच्या अंतराने, एकूण ८३ गर्भ आणि पिल्ले अभ्यासली. त्यांतल्या १ कोटी २४ लाख पेशींमध्ये त्या क्षणी कोणती जनुके 'चालू' होती याची नोंद केली आणि त्यावरून पेशींचे शेकडो प्रकार ओळखले. याच क्षेत्रात २०१९ मध्ये झालेल्या मोठ्या कामात ६१ गर्भांतल्या सुमारे २० लाख पेशी होत्या आणि साडेनऊ ते साडेतेरा एवढेच दिवस होते. त्यावरून झेप किती मोठी आहे ते लक्षात येईल.

जनुक 'चालू' असणे म्हणजे काय? शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. भिंतीवरचे कॅलेंडर जसे गल्लीतल्या सगळ्या घरांत एकच असते, तसे. पण कोणत्या घरात कोणत्या तारखेला पेनाने गोल केला आहे, ते वेगळे असते. एका घरी सिलिंडरचा दिवस, दुसऱ्या घरी शाळेच्या फीचा. पेशी ज्या जनुकाचा वापर करते त्याच्या आरएनए नावाच्या प्रती काढते. पेशीतला आरएनए मोजला की तिने कोणत्या तारखांना गोल केले आहेत ते कळते. हृदयाच्या पेशीचे गोल वेगळे, मेंदूच्या वेगळे, आणि त्याच पेशीचे सकाळचे आणि संध्याकाळचेही वेगळे असू शकतात.

एवढ्या पेशी एकेक करून कशा तपासल्या? तसे केलेच नाही. पेशींची केंद्रके वेगळी करून शेकडो छोट्या खळग्यांत वाटतात, प्रत्येक खळग्यात आरएनएला एक रासायनिक शिक्का बसतो. मग सगळे पुन्हा एकत्र करून नव्याने वाटतात आणि दुसरा शिक्का मारतात, मग तिसरा. तीन टेबलांवरून फिरून आलेल्या माणसाच्या कागदावरच्या तीन शिक्क्यांचे मिश्रण सहसा दुसऱ्या कोणाशी जुळत नाही, तसेच हे. शेवटी संगणक शिक्के बघून कोणता आरएनए कोणत्या पेशीचा ते लावून देतो.

यात एक अडचण आहे, जी बातम्यांत क्वचितच येते. पेशी सुट्या करण्यासाठी गर्भ गोठवून त्याची पूड करावी लागते. म्हणजे ती पेशी कोणत्या प्रकारची होती आणि कोणत्या तासाची होती हे कळते. पण शरीरात नेमकी कुठे बसली होती ते हरवते. ती उणीव दुसऱ्या प्रकारच्या नकाशांनी भरून काढावी लागते. गर्भाचे पातळ काप करून जागच्या जागी जनुके दाखवण्याची पद्धत जुनी आहे. युरोपातील एका प्रकल्पाने २०११ मध्ये साडेचौदा दिवसांच्या उंदराच्या गर्भात १८ हजारांहून अधिक जनुकांची अशी चित्रे खुली केली होती. २०२२ मध्ये चीनमधील शेन्झेनच्या संशोधकांनी साडेनऊ ते साडेसोळा दिवसांच्या गर्भांच्या कापांवर हजारो जनुके एकदम मोजणारा नकाशा प्रसिद्ध केला. त्यामुळे 'नकाशा तयार झाला' असे वाचाल तेव्हा तो एकच कागद नाही, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आणि अजून एकमेकांवर बसवायचे चाललेले अनेक कागद आहेत, असे समजा.

२०२४ च्या कामातली एक गोष्ट बरीच फिरली. जन्मानंतरच्या पहिल्या तासाभरातच पिल्लाच्या यकृताच्या, चरबीच्या आणि फुप्फुसांच्या पेशींत जनुकांचा वापर झपाट्याने बदलतो, असे त्यात दिसले. ज्यांचे सिझेरियन झाले आहे त्या आईंनी यावरून काळजी करत बसू नये. हे निरीक्षण उंदराच्या पिल्लांचे आहे आणि त्यावरून तुमच्या बाळाच्या तब्येतीबद्दल काहीही अनुमान निघत नाही.

अंगठा आणि हृदय एकत्र का बिघडतात?

आता त्या जोडप्याकडे परत येऊ. त्यांच्या रिपोर्टमधले जनुक होते 'टीबीएक्स-५'. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक नीट काम करत नसेल तर होल्ट-ओरम सिंड्रोम होतो, हे १९९७ मध्ये कळले. यात हृदयाच्या पडद्यात छिद्र असू शकते, हृदयाच्या विजेच्या वहनात अडथळा असू शकतो आणि हातात, विशेषतः अंगठ्याच्या बाजूला, दोष असतो.

हृदय आणि अंगठ्याचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. उंदराचा गर्भ पाहिला की कळते. टीबीएक्स-५ हे जनुक घडणाऱ्या हृदयात चालू असते आणि पुढच्या पायांच्या कोंबातही चालू असते. मागच्या पायांच्या कोंबात मात्र ते बंद असते. म्हणून होल्ट-ओरममध्ये माणसाचे हात बिघडतात, पाय बिघडत नाहीत. २००१ मध्ये या जनुकाची एकच प्रत असलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यातही हृदयाची छिद्रे, विद्युतवहनाचे दोष आणि पुढच्या पायातले फरक दिसले.

पण त्या बाळाच्या जनुकातला नेमका बदल पूर्वी कोणाच्या नोंदीत नव्हता, म्हणून लॅबने सावध शेरा दिला होता. हे योग्यच होते. मी वडिलांना दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले. त्यांचे अंगठे बारीक आणि लांबट होते, बोटासारखे, दोनऐवजी तीन पेरांचे. सोबत आलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, "लहानपणापासून असेच आहेत त्याचे अंगठे. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, एवढंच." ईसीजी काढला तर हृदयातले विद्युतवहन मंद निघाले. रक्त तपासल्यावर वडिलांमध्येही तोच जनुकीय बदल सापडला. ही सगळी माहिती लॅबला कळवल्यावर शेरा 'अर्थ अनिश्चित' वरून 'बहुधा रोगकारक' असा झाला. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा बदल बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी आहे हे त्यांना कळले. आणि वडिलांनाही आता हृदयरोगतज्ज्ञांकडे नियमित जावे लागणार आहे, जे आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

यात २०२४ च्या नकाशाचा वाटा किती? प्रामाणिकपणे सांगायचे तर काहीच नाही. उत्तर होते पंचवीस वर्षांपूर्वीच्या उंदरांच्या कामात आणि वडिलांच्या अंगठ्यात. पण टीबीएक्स-५ हे नशीबवान जनुक आहे, त्यावर पुष्कळ लोकांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. माणसात प्रथिने बनवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जनुकांचे गर्भात काय काम असते ते धड माहीत नाही. अशा अनोळखी जनुकातला बदल तुमच्या रिपोर्टवर आला तर लॅब आता निदान बघू शकते: जो अवयव बिघडला, तो घडत असताना हे जनुक तिथे चालू होते का? चालू नसेल तर संशय कमी होतो. चालू असेल, आणि ते जनुक बंद केलेल्या उंदराच्या गर्भातही तोच अवयव बिघडत असेल, तर संशय वाढतो. संशय वाढला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

जनुके एकेक करून बंद करण्याचे कामही जगभरातल्या संस्था मिळून करत आहेत. २०१६ मध्ये त्यांनी १,७५१ जनुकांचे निकाल प्रसिद्ध केले, त्यांतल्या ४१० जनुकांशिवाय उंदीर जगू शकत नव्हते. २०२३ मध्ये सिएटल आणि जर्मनीतील संशोधकांनी २२ प्रकारचे जनुकीय बदल असलेल्या उंदरांचे साडेतेरा दिवसांचे गर्भ पेशीपेशीने तपासले. मला स्वतःला एक कोटी पेशींच्या आकड्यापेक्षा हे काम जास्त महत्त्वाचे वाटते, कारण निरोगी गर्भाचा नकाशा नुसता भिंतीवर लावून उपयोग नाही. बिघडलेला गर्भ त्याच्याशी ताडून पाहता आला पाहिजे.

रिपोर्ट 'नॉर्मल', तरी दोष आहे

याच्या उलट तक्रारही असते. "सगळ्या जनुकांची महागडी तपासणी केली, काही निघाले नाही, मग बाळाला हे का झाले?"

सर्वसाधारणपणे केली जाणारी एक्सोम तपासणी प्रथिने बनवणाऱ्या भागापुरती असते. तो भाग आपल्या संपूर्ण डीएनएच्या फार तर एक-दोन टक्के. जनुके कधी आणि कुठे चालू करायची हे ठरवणारे स्विच बहुतांशी त्याच्या बाहेर असतात. अंगठ्याच्या बाजूला जादा बोट असलेल्या काही कुटुंबांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 'सॉनिक हेजहॉग' असे मजेशीर नाव असलेले एक जनुक हाताच्या कोंबात फक्त करंगळीच्या बाजूला चालू असायला हवे. या कुटुंबांत ते जनुक पूर्ण ठीक असते. बिघाड असतो त्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात दडलेल्या स्विचमध्ये. स्विच बिघडला की जनुक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होते आणि तिथे जादा बोट उगवते. एडिंबरोतील संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवले, तेव्हा तसाच दोष असलेल्या उंदरांचा गर्भ त्यांच्यासमोर होता. जनुक चुकीच्या जागी चालू झालेले त्यांनी त्यातच पाहिले.

म्हणून एक्सोम रिपोर्ट नॉर्मल येणे म्हणजे दोष जनुकीय नाहीच, असे नव्हे. काही वेळा संपूर्ण जीनोमची तपासणी उपयोगी पडते. तीही सगळ्यांना लागते असे नाही.

ग्रहण, कात्री आणि तारखा

या नकाशांतून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडच्या घरांत फार गरजेची आहे. अवयव घडण्याच्या तारखा ठरलेल्या असतात आणि त्या फार लवकरच्या असतात.

बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असली की घरात चौकशी सुरू होते ती आईची. ग्रहणात भाजी चिरली होती का, कात्री हातात घेतली होती का. एका आईला पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाबद्दल दोन वर्षे बोलणी खावी लागली होती. बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतर साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून पूर्ण होतो, टाळू तिसऱ्या महिन्यात. पाचव्या महिन्यात त्यातले काही घडायचे बाकीच नसते. ग्रहणाने ते कोणत्याच महिन्यात बिघडत नाही, पण निदान तारखेचा हा हिशेब घरच्या वडीलधाऱ्यांना पटतो असा माझा अनुभव आहे. तुमच्या घरी असे बोलणे होत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

दुसरी तारीख पाठीच्या कण्याची. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सहा आठवडे. पाळी चुकल्यावर चाचणी करून, घरी सांगून, डॉक्टरची वेळ घेऊन तुम्ही पहिल्यांदा येता तेव्हा बहुतेकदा सातवा-आठवा आठवडा असतो. त्या दिवशी सुरू केलेली फॉलिक ॲसिडची गोळी या कामासाठी उशिराची ठरते. म्हणून ती मूल हवे असे ठरवताच, गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून घ्यायची. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले होते. फिट्सवर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या महिलांनी गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, तेही धोक्याचे आहे.

आणि फॉलिक ॲसिड नियमित घेऊनही दोष आला, तर ती आईची चूक नाही. ज्यांच्यातल्या बिघाडाने ही नळी उघडी राहते अशी दोनशेहून अधिक जनुके उंदरांत माहीत आहेत, आणि काही जातींच्या उंदरांत फॉलिक ॲसिड देऊनही दोष टळत नाही.

उंदीर तो उंदीरच

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीला आले, गरोदर महिलांना मळमळीसाठी सर्रास दिले गेले आणि १९६१ मध्ये मागे घ्यावे लागले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातपाय अपुरे घेऊन जन्मली, असा अंदाज आहे. गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ दिवसांत हे औषध पोटात गेले की घात होत असे. तेच औषध गाभण उंदरांना दिले तर पिल्लांचे पाय ठीक राहतात. सशांत मात्र दोष दिसतात.

कारण समजायला २०१८ उजाडावे लागले. थॅलिडोमाइड माणसाच्या पेशीत 'सॉल-४' नावाचे प्रथिन नष्ट करवते, आणि हातपाय घडायला ते लागते. उंदरातही तेच प्रथिन आहे, पण त्याच्या रचनेत थोडा फरक आहे, त्यामुळे ते औषधाच्या तावडीत सापडत नाही. दोघांच्या गर्भात जनुक असते, तरी परिणाम वेगळा. जनुक कुठे आणि कधी चालू आहे हे दाखवणारा कितीही बारीक नकाशा असला, तरी असा फरक त्यात दिसणार नाही. (हे औषध आजही मायलोमा या कॅन्सरसाठी आणि कुष्ठरोगातल्या एका प्रकारच्या रिॲक्शनसाठी वापरले जाते. घरात कोणी घेत असेल तर गरोदरपणाबाबतची बंधने काटेकोर पाळा, पुरुषांनीसुद्धा.)

तुम्ही काय करायचे?

पहिली गोष्ट, 'गर्भाच्या जनुकीय नकाशाची टेस्ट' म्हणून कोणी काही विकायला आले तर पैसे देऊ नका. अशी तपासणी नाही.

गरोदरपणात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर केवळ त्याच्या आधारावर गरोदरपणाबाबत निर्णय घेऊ नका. आधी जेनेटिक्सच्या तज्ज्ञांना भेटा. आई-वडील दोघांनीही जा, कारण अनेकदा दोघांचे रक्त तपासल्याशिवाय आणि दोघांना नीट पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. बाळ गेले असेल तर मन लागत नाही हे मी जाणतो, तरीही डीएनए साठवून ठेवणे आणि शक्य असल्यास गर्भाची तपासणी करून घेणे, याबद्दल त्याच वेळी विचारा. नंतर ते करता येत नाही. महाराष्ट्रात परळचे केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणाखालचे एक केंद्र आहे. बाळ जन्मले असेल आणि दोष असेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, त्याची नोंद करा.

रिपोर्टची मूळ डेटा फाईलही लॅबकडून मागून घ्या, नुसता छापील कागद नको. दीड-दोन वर्षांनी किंवा पुढचे मूल ठरवण्याआधी, "या डेटाचे पुन्हा विश्लेषण करून मिळेल का?" असे विचारा. त्यासाठी बहुतेकदा पुन्हा रक्त द्यावे लागत नाही. दरम्यान घरात कोणाला नवा आजार निघाला, कोणाच्या हाताबोटांत, कानात, हृदयात काही वेगळे आढळले, तर तेही चिठ्ठीवर लिहून सोबत न्या, अगदी शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो एवढे असले तरी.